मॉडेल विमानाचं नवं पेट्रोल इंजिन रन-इन करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवं पेट्रोल इंजिन हातात आलं की ते आधी रन-इन करावं लागतं, म्हणजे सुरुवातीला सांभाळून चालवून त्याचे भाग एकमेकांशी जुळू द्यावे लागतात. तेव्हा हे प्रश्न पडतात, आणि ते पुन्हा पुन्हा विचारले जातात. सोप्यापासून अवघडापर्यंत असा क्रम लावला आहे. उत्तरं साधारण २० ते १२० सीसीच्या टू-स्ट्रोक, स्पार्क प्लगवर चालणाऱ्या इंजिनांना धरून आहेत, फोर-स्ट्रोकसाठी प्र. १७ पाहा. इंजिनासोबत आलेल्या पुस्तिकेत काही वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिकेचंच ऐका. तुमच्या इंजिनाची रिंग आणि सिलिंडर कशाचे आहेत, हे ती लिहिणाऱ्याला माहीत असतं.

प्र. १. रन-इन करताना इंजिनात नेमकं काय होतं?

मुख्यतः रिंग बसते. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर क्रोम किंवा निकासिलसारखा कठीण थर असतो. पिस्टनवरची रिंग त्या मानाने मऊ असते आणि नवी असताना भिंतीला सगळीकडून सारखी टेकत नाही. जिथे फट राहते तिथून जळालेला गरम वायू खाली क्रँककेसकडे निसटतो. रिंग आणि भिंत एकमेकांवर घासून जुळली की ही गळती थांबते, ताकद वाढते, तापमान उतरतं आणि आयडल, म्हणजे थ्रॉटल खाली असतानाची मंद गती, स्थिर होतं.

एक गोष्ट नीट समजली तर पुढची बहुतेक उत्तरं आपोआप सुचतील. रिंगमध्ये स्वतःचा ताण असतोच, पण तिला भिंतीवर खरी दाबतो तो ज्वलनाचा वायू. तो रिंगच्या खाचेत मागून शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. थ्रॉटल उघडलं की दाब वाढतो, बंद केलं की कमी होतो. म्हणजे इंजिन काम करतं तेव्हाच रिंग बसते. तासन्‌तास आयडलवर गुरगुरत ठेवलेलं इंजिन रन-इन होत नाही. उलट भिंतीवर तेलाचा चकचकीत लेप चढतो आणि मग रिंग बसायला आणखी वेळ लागतो. काळजी घ्यायची ती उष्णतेची आणि तेलाची. काम करू द्यायला घाबरू नका.

प्र. २. रन-इन न करताच उडवलं तर काय बिघडेल?

काही वेळा काहीच बिघडत नाही, म्हणूनच हा प्रश्न येतो. पण नव्या इंजिनात घर्षण जास्त असतं, त्यात मिश्रण लीन असेल, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, तर पिस्टन प्रमाणाबाहेर तापतो. निसटणारा वायू भिंतीवरचा तेलाचा थर जाळतो आणि पिस्टनवर ओरखडे पडतात, बहुतेकदा एक्झॉस्टच्या बाजूला, कारण ती बाजू सर्वांत गरम असते. ते भरून येत नाहीत.

त्याहून मोठा धोका विमानाला असतो. सेटिंग न झालेलं इंजिन टेक-ऑफनंतर चढतानाच बंद पडतं, कारण तेव्हाच त्याच्यावर सर्वांत जास्त भार असतो. त्या वेळी विमान खाली, हळू आणि नाक वर अशा अवस्थेत असतं. तिथून वाचवायला फारशी जागा नसते.

प्र. ३. ग्लो इंजिन मी नेहमी अगदी रिच, म्हणजे इंधन जास्त आणि हवा कमी ठेवून, धूर सोडत रन-इन करतो. तेच इथे चालेल?

नाही. ग्लो इंजिन मेथॅनॉलवर आणि तापलेल्या तारेच्या प्लगवर चालतं. त्याच्या इंधनात तेल भरपूर, बहुधा १५ ते २० टक्के असतं. तिथे मिश्रण रिच केलं की तेलही जास्त जातं आणि मेथॅनॉल इंजिन थंडही ठेवतं. पेट्रोलच्या मिश्रणात तेल जेमतेम ३ टक्के. ते फार रिच ठेवलं तर प्लग भिजतो, काजळी धरते, इंजिन थंड आणि अर्धवट ज्वलनावर चालतं, आणि रिंगमागे हवा तो दाब येतच नाही. पेट्रोल इंजिन किंचित रिच ठेवायचं. किंचित म्हणजे किती, ते प्र. ११ मध्ये आहे.

प्र. ४. स्टँडवर रन-इन करू की विमानात बसवून?

माझं मत स्पष्ट आहे: पहिली टाकी जमिनीवर, बाकीचं सगळं हवेत. प्रॉपच्या (प्रोपेलरच्या) मधल्या भागातली पाती, म्हणजे हबजवळची, हवा फारशी ढकलत नाहीत, आणि सिलिंडर नेमका त्या भागाच्या मागे असतो. त्यामुळे जमिनीवर फुल थ्रॉटलला उभं असलेलं इंजिन उडणाऱ्या इंजिनापेक्षा जास्त तापतं. शिवाय उडताना भार सतत बदलतो: चढताना जास्त, उतरताना कमी, वळणात मधला. रिंगला नेमकं हेच हवं असतं.

स्टँडचा उपयोग वेगळा आहे. गळती शोधणं, इग्निशन तपासणं, सुरू करायचा सराव करणं आणि नीडल (कार्ब्युरेटरमधून किती पेट्रोल जायचं ते ठरवणारा स्क्रू) ढोबळपणे लावणं ही कामं स्टँडवर निवांत होतात. स्टँड वापरणार असाल तर तो जड, जमिनीला किंवा भक्कम टेबलाला बोल्टने जखडलेला हवा. ५० सीसीचं इंजिन १० किलोच्या वर जोर लावतं; क्लॅम्प लावलेली फळी तिथे पुरत नाही. आणि कायम मोकळ्या हवेत. बंद खोलीत किंवा गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला वास नसतो.

प्र. ५. तेल कुठलं घालायचं आणि किती?

रन-इनसाठी खनिज टू-स्ट्रोक तेल, हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठीचं. बोटीच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांचं तेल घेऊ नका. ते कमी तापमानासाठी बनवलेलं असतं. कारचं इंजिन ऑइल तर मुळीच नको.

प्रमाण बहुतेक पुस्तिकांत ३० किंवा ३२ भाग पेट्रोलला १ भाग तेल असं असतं. लिटरच्या भाषेत: ३०:१ म्हणजे लिटरला ३३ मिली, ३२:१ म्हणजे ३१ मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली आणि ५०:१ म्हणजे २० मिली. मोजायला सुईविना सिरिंज किंवा मेडिकलमधलं मापाचं भांडं घ्या; बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतू नका.

जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षित, असं नाही. २०:१ केलंत तर नीडलमधून जाणाऱ्या त्याच प्रवाहात पेट्रोल कमी आणि तेल जास्त जातं, म्हणजे मिश्रण लीनच होतं. प्रमाण बदललं की नीडल पुन्हा तपासायची, हे कायमचं लक्षात ठेवा.

प्र. ६. सुरुवातीपासूनच सिंथेटिक तेल वापरलं तर?

चांगलं सिंथेटिक तेल घर्षण इतकं कमी करतं की रिंग बसायला वेळ लागतो, असा अनुभव अनेक उडवणाऱ्यांचा आहे. काही उत्पादक तरीही पहिल्या दिवसापासून विशिष्ट सिंथेटिक तेलाला परवानगी देतात. तसं लिहिलं असेल तर बिनधास्त वापरा. काहीच लिहिलेलं नसेल तर खनिज तेलाने सुरुवात करा आणि प्र. १४ मधली लक्षणं दिसली की बदला. दोन वेगळी तेलं एकाच कॅनमध्ये मिसळू नका. जुनं मिश्रण संपवून नवं बनवा.

प्र. ७. पेट्रोल साधं की जास्त ऑक्टेनचं? आणि इथेनॉलचं काय?

साधं, शिसेविरहित, ताजं पेट्रोल पुरतं. या इंजिनांचं कॉम्प्रेशन इतकं नसतं की जास्त ऑक्टेनचा फायदा व्हावा. ऑक्टेन म्हणजे वेळेआधी पेटण्याला केलेला विरोध. त्याने ताकद वाढत नाही. उलट कॅम्पिंगच्या स्टोव्हचं पेट्रोल घालू नका. त्याचं ऑक्टेन फार कमी असतं आणि नॉकिंगने पिस्टन फुटू शकतो.

इथेनॉलकडे लक्ष द्या. शुद्ध पेट्रोलला जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला साधारण ९ पट. म्हणजे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर तीच नीडल थोडी लीन ठरते. १० टक्क्यांना फरक लहान असतो, २० टक्क्यांना नीडल जाणवण्याइतकी उघडावी लागते. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि कार्ब्युरेटरचे डायाफ्राम, म्हणजे आतले लवचीक पडदे, कडक करतं. इथेनॉलविरहित पेट्रोल मिळत असेल तर तेच घ्या. मिळत नसेल तर एकाच ठिकाणाहून घ्या, थोडं थोडं मिसळा आणि महिन्याभरात संपवा.

प्र. ८. ग्लो इंजिनाची टाकी आणि नळी होती, तीच लावली आहे. चालेल?

टाकीचा प्लास्टिक भाग बहुधा चालतो. सिलिकॉन नळी आणि टाकीचं रबरी बूच चालत नाही. पेट्रोलमध्ये सिलिकॉन फुगतं, मऊ होतं आणि सुटतं. टायगॉनची पिवळी पेट्रोलची नळी किंवा व्हिटॉनची नळी घ्या आणि पेट्रोलचंच बूच बसवा. टाकीतल्या पितळी नळ्यांच्या टोकाला थोडी बाहेर वळलेली किनार करा किंवा तारेचा वेढा द्या, नाहीतर टायगॉन नळी कालांतराने कडक होऊन घसरते. क्लंकला, म्हणजे टाकीतल्या नळीच्या टोकाच्या वजनाला, फेल्ट फिल्टर लावा. रन-इनमधल्या "नीडल कितीही फिरवली तरी सेटिंग टिकत नाही" या तक्रारींचं मूळ बरेचदा इथेच, टाकीच्या आतल्या फटलेल्या नळीत असतं.

प्र. ९. प्रॉप कुठला लावू?

पुस्तिकेतल्या यादीतला हलक्या भाराकडचा. ५० ते ५५ सीसीला २२×८ आणि २३×८ (इंचांत, व्यास × पिच) असे दोन्ही दिलेले असतील तर २२×८ लावा. फार मोठा प्रॉप लावला की इंजिन ताणलं जातं आणि तापतं. फार छोटा लावला तर आरपीएम नको तेवढे वाढतात आणि रिंगवर भारही येत नाही. मी रन-इनला लाकडी प्रॉप पसंत करतो. तो सुरुवातीच्या धडधडीला बरा पडतो आणि जमिनीला लागला तर क्रँकशाफ्ट वाकण्याआधी स्वतः मोडतो.

प्रॉपचं संतुलन तपासूनच बसवा. लाकूड दाबलं जातं, त्यामुळे पहिल्या सुरुवातीनंतर आणि मग दर वेळी उडवण्याआधी हबचे बोल्ट तपासा. आडव्या-तिडव्या क्रमाने, सारख्या जोराने आवळा.

प्र. १०. पहिल्यांदा सुरू करण्याआधी काय काय तपासू? आणि सुरू कसं करू?

प्लगची फट बहुतेक इंजिनांत ०.४५ ते ०.५ मिमी असते. एनजीके सीएम-६ हा छोटा प्लग अनेक इंजिनांना लागतो; तो आवळताना जोर लावू नका, ॲल्युमिनियममधले आटे लगेच जातात. इग्निशनची बॅटरी मॉड्यूलला चालेल त्याच व्होल्टेजची हवी: काही मॉड्यूल ४.८ ते ६ व्होल्टवर चालतात, काहींना ८.४ व्होल्टची लिथियम बॅटरीही चालते. इग्निशन आणि रिसीव्हर यांच्यात जमेल तेवढं अंतर ठेवा, ३० सेंटिमीटर तरी. इग्निशन चालू असताना प्लगची टोपी मोकळी ठेवून प्रॉप कधीही फिरवू नका; ठिणगीला वाट मिळाली नाही तर मॉड्यूल जळतं.

रेडिओवरून थ्रॉटल पूर्ण बंद होतं का, रेडिओवरून इग्निशन तोडणारा किल स्विच चालतो का, आणि सिग्नल गेला तर फेलसेफ थ्रॉटल खाली आणतं का, हे तिन्ही आधी पाहा. जवळ पावडरचं किंवा कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक ठेवा.

आता सुरू करणं. विमान बांधलेलं हवं आणि शेपटीकडे एक माणूस हवा. प्रॉपच्या फिरण्याच्या पातळीत, म्हणजे बाजूला, कुणीही उभं राहायचं नाही. पातं सुटलं तर तिकडेच जातं. सैल बाह्या, गळ्यातला पट्टा आणि लोंबणारी दोरी काढून ठेवा. हातात जाड चामड्याचा हातमोजा घाला.

आधी इग्निशन बंद, चोक बंद (म्हणजे त्याची हवेची झडप मिटलेली), थ्रॉटल उघडं ठेवून प्रॉप फिरवत राहा, नळीतून पेट्रोल कार्ब्युरेटरला पोचलेलं दिसेपर्यंत. कार्ब्युरेटरचा पंप क्रँककेसच्या दाबावर चालतो, त्यामुळे कोऱ्या इंजिनात याला बराच वेळ लागतो. घाई करू नका. मग थ्रॉटल आयडलच्या किंचित वर, चोक बंदच, इग्निशन चालू, आणि चटकन, ठाम हाताने प्रॉप फिरवा. एकदा "फट" असा आवाज येतो. लगेच चोक उघडा. चोक तसाच ठेवून फिरवत राहिलात तर प्लग भिजेल. आता काही वेळा फिरवल्यावर इंजिन सुरू होईल. हळूहळू, अर्धवट फिरवणं सर्वांत धोक्याचं, कारण तेव्हाच प्रॉप उलटा झटका देतो.

प्र. ११. नीडल किती उघड्या ठेवू? एल आणि एच मध्ये फरक काय?

वॉल्ब्रो पद्धतीच्या कार्ब्युरेटरवर दोन नीडल असतात. एल आयडलपासून मधल्या थ्रॉटलपर्यंत हुकूमत चालवते, एच मधल्यापासून फुलपर्यंत. पण एलमधून येणारं पेट्रोल फुललाही थोडं चालूच राहतं, त्यामुळे आधी एल लावा, मग एच, आणि मग परत एल तपासा.

सुरुवात पुस्तिकेतल्या आकड्यावरून करा. बहुतेकांचा आकडा १ ते पावणेदोन फेऱ्यांच्या दरम्यान असतो. नीडल अलगद बंद करा, टेकली की थांबा आणि तिथून मोजत उघडा. जोराने आवळलीत तर टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात.

इंजिन गरम झाल्यावर थोडा वेळ फुल थ्रॉटल द्या आणि एच हळूहळू बंद करत जास्तीत जास्त आरपीएम शोधा. मग टॅकोमीटरवर (आरपीएम मोजण्याच्या यंत्रावर) २०० ते ३०० आरपीएम कमी होईपर्यंत एच परत उघडा. प्र. ३ मधलं "किंचित रिच" ते हेच. एका वेळी नीडल एक अष्टमांश फेरीपेक्षा जास्त फिरवू नका, आणि फिरवल्यावर इंजिनाला प्रतिसाद द्यायला काही सेकंद द्या. नीडल फिरवण्याआधी थ्रॉटल खाली आणा आणि प्रॉपच्या मागूनच हात घाला. टॅकोमीटर ट्यूबलाइटखाली वापरलात तर तो दिव्याची लुकलुक मोजेल. उघड्या आकाशाखाली वापरा.

प्र. १२. पहिली टाकी नेमकी कशी चालवायची?

विमानाचं नाक वाऱ्याकडे. काउल, म्हणजे इंजिनावरचं आवरण, काढलेलं, म्हणजे गळती दिसते. सुरू झाल्यावर मिनिटभर आयडलच्या जरा वर चालवून गरम होऊ द्या. मग अर्ध्या थ्रॉटलपर्यंत न्या, काही सेकंद ठेवा, खाली आणा. पुन्हा पाऊणपर्यंत, पुन्हा खाली. अधूनमधून ५ ते १० सेकंद फुल, आणि लगेच खाली. एकाच आरपीएमवर चिकटून बसू नका. पाच-सात मिनिटांनी बंद करा आणि सिलिंडरला हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. तापणं आणि निवणं हे चक्रही रन-इनचाच भाग आहे. धातू फुगतो, आकसतो आणि आपल्या जागी बसतो.

थंड झाल्यावर प्रॉपचे, मफलरचे, कार्ब्युरेटरचे आणि इंजिन माउंटचे बोल्ट तपासा. नवीन मफलर गॅस्केट दबते आणि बोल्ट हमखास सैल होतात. अशी साधारण एक टाकी संपली, आयडल टिकतंय, आणि थ्रॉटल हळू उघडलं तर इंजिन अडखळत नाही, एवढं जमलं की जमिनीवरचं काम झालं.

प्र. १३. पहिली उड्डाणं कशी करू?

काउल आणि हवेच्या आडोशाच्या पट्ट्या जशा कायम राहणार तशाच बसवून. टेक-ऑफला पूर्ण ताकद वापरायला हरकत नाही, पण उंची मिळाली की थ्रॉटल मागे घ्या. अर्धं, पाऊण, परत अर्धं असं बदलत राहा. लांब सरळ चढाई, हॉव्हर आणि फुल थ्रॉटलला लागोपाठ कसरती पहिल्या दोन लिटरपर्यंत टाळा. उतरताना पूर्ण आयडलला फार वेळ लांब उतार घेऊ नका; मध्येच थोडं थ्रॉटल देत या.

उंची कायम इतकी ठेवा की इंजिन बंद पडलं तरी धावपट्टीवर परतता येईल. नव्या इंजिनाच्या पहिल्या काही टाक्यांत ते बंद पडेल असं गृहीत धरूनच उडवायचं.

प्र. १४. रन-इन पूर्ण झालं, हे कसं ओळखायचं?

लिटरचा एकच आकडा सगळ्या इंजिनांना लागू होत नाही. काही इंजिनं ४ लिटरमध्ये मोकळी होतात, काहींना १० लिटर लागतात. आकड्यापेक्षा इंजिनच सांगतं:

त्याच प्रॉपवर, तशाच हवेत फुल आरपीएम आधीपेक्षा काहीशे वाढलेले आणि आता स्थिरावलेले असतात. फुल थ्रॉटल ठेवलं तरी सूर खाली येत नाही. १५०० ते १८०० च्या आसपासचं आयडल हलत नाही. हाताने प्रॉप फिरवताना कॉम्प्रेशन ठसठशीत लागतं. मफलरमधून काळं, ओलं तेल टपकणं कमी होतं. प्लगचं टोक तपकिरी दिसतं. पण आजच्या पेट्रोलवर रंगावर एकटा भरवसा ठेवू नका.

ही लक्षणं दोन-तीन दिवसांच्या उडवण्यात टिकली की सिंथेटिक तेल आणि उत्पादकाने दिलेलं नेहमीचं प्रमाण सुरू करा. तेल बदललं की नीडल परत तपासा (कारण प्र. ५ मध्ये आहे).

प्र. १५. लीन आहे की रिच, आवाजावरून कसं कळेल? आणि तापमान किती चालतं?

थ्रॉटल झटकन उघडल्यावर इंजिन श्वास अडकल्यासारखं थांबलं किंवा सरळ मेलं, तर एल लीन आहे. गुरगुरत, अडखळत, धूर काढत वर चढलं तर एल रिच. फुलला सुरुवातीला कडक, उंच सूर आणि मग काही सेकंदांत सूर उतरायला लागला, तर एच लीन आहे आणि इंजिन तापतंय. लगेच थ्रॉटल खाली घ्या, उतरा, थंड होऊ द्या आणि एच एक अष्टमांश उघडा. "आता ताकद कमी वाटतेय" म्हणून अशा वेळी एच आणखी बंद करण्याचा मोह होतो. इंजिनं जळतात ती इथेच.

इन्फ्रारेड थर्मामीटरने प्लगच्या बुंध्याशी किंवा सर्वांत वरच्या पंख्यांशी (सिलिंडरवरच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांशी), दर वेळी एकाच जागी मोजा. नेमक्या अंशापेक्षा आधीच्या वाचनाशी तुलना जास्त उपयोगी पडते. सेटिंग न बदलता तापमान अचानक २० ते ३० अंश सेल्सिअसने चढलं तर कारण शोधा: अडलेला फिल्टर, सैल कार्ब्युरेटर, फटलेली नळी. जळका वास किंवा निळा पडलेला एक्झॉस्टचा भाग दिसला तर थर्मामीटरची वाट पाहू नका.

प्र. १६. जमिनीवर सगळं छान, उडाल्यावर मात्र लीन होतं. असं का?

दोन कारणं आधी तपासा. पहिलं हवेचं. काउलमध्ये हवा शिरते, पण सिलिंडरच्या पंख्यांमधून न जाता बाजूने निघून जाते, आणि इंजिन तापून लीन असल्यासारखं वागतं. हवेला पंख्यांतूनच जायला भाग पाडणारे आडोसे करा, आणि बाहेर पडायची वाट आत यायच्या वाटेच्या निदान दुप्पट, शक्य असेल तर तिप्पट ठेवा. आत यायचं भोक मोठं करून काहीच साधत नाही, हवा आत कोंडते.

दुसरं कारण कमी लोकांच्या लक्षात येतं. कार्ब्युरेटरच्या डायाफ्रामवरच्या झाकणाला एक बारीक भोक असतं आणि तिथला हवेचा दाब किती पेट्रोल सोडायचं हे ठरवतो. उडताना काउलमध्ये दाब बदलला की मिश्रणही बदलतं. त्या झाकणावर बारीक नळी बसवून ती विमानाच्या शांत हवेच्या भागात, म्हणजे धडाच्या आत नेली की बरेचदा दुखणं तिथेच संपतं. आधी एच उघडून हे झाकण्याचा प्रयत्न केला, तर जमिनीवर इंजिन रिच होईल आणि मूळ कारण तसंच राहील.

प्र. १७. माझं फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन आहे. काय वेगळं?

छोट्या मॉडेल फोर-स्ट्रोकमध्येही बहुधा तेल पेट्रोलमध्येच मिसळतात, आणि प्रमाण टू-स्ट्रोकपेक्षा जास्त सांगितलेलं असतं. पुस्तिकेतला आकडा कमी करू नका. बेअरिंग आणि कॅमला मिळणारं तेल तेवढंच असतं. थ्रॉटल बदलत चालवण्याची पद्धत तीच. पण रन-इन झाल्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना, व्हॉल्व्हची फट तपासायलाच हवी. बैठका बसल्या की ती बदलते. फट शून्य झाली तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि जळतो.

प्र. १८. दोन सिलिंडरचं इंजिन आहे. एक बाजू थंड राहते.

समोरासमोरच्या दोन सिलिंडरच्या इंजिनांत बहुधा दोन्ही एकाच वेळी पेटतात आणि कार्ब्युरेटर एकच असतो. आयडलला एक बाजू थोडी थंड असणं नव्या इंजिनात सामान्य आहे, कारण दोन्ही रिंगा एकाच दिवशी बसत नाहीत. पण मधल्या थ्रॉटललाही थर्मामीटर मोठा फरक दाखवत असेल, तर प्लग आणि टोप्या बाजू बदलून पाहा. दोष प्लगसोबत सरकला तर प्लग किंवा इग्निशन. तिथेच राहिला तर त्या बाजूची गॅस्केट किंवा हवेचा आडोसा.

प्र. १९. ट्यून्ड पाइप लावून रन-इन करू का?

शक्यतो नाही. ट्यून्ड पाइप म्हणजे ठराविक आरपीएमला ताकद वाढवणारा, लांबी जुळवलेला एक्झॉस्ट. तो जुळलेल्या आरपीएमला आला की इंजिन एकदम उसळतं आणि मिश्रण त्या क्षणी लीन होतं. न बसलेल्या रिंगेला हा झटका नको. साध्या मफलरवर किंवा कॅनिस्टरवर (डब्यासारख्या मोठ्या मफलरवर) रन-इन करा, मग पाइप लावा आणि नीडल नव्याने लावा.

प्र. २०. थंडीत किंवा उंच डोंगराळ भागात रन-इन केलं तर सेटिंग टिकेल?

नाही. थंड हवा दाट असते, तेव्हा तीच नीडल लीन ठरते. उन्हाळ्यात किंवा उंचावर हवा विरळ, तेव्हा रिच. रन-इन वाया जात नाही, फक्त नीडल तिथल्या हवेला लावून घ्या. पहाटेच्या गारठ्यात लावलेली एच दुपारी थोडी रिच वाटली तर काळजी नको. दुपारी लावलेली पहाटे लीन होते, ती मात्र तपासा.

प्र. २१. वापरलेलं इंजिन घेतलंय, किंवा रिंग बदलली आहे. पुन्हा रन-इन?

रिंग, पिस्टन किंवा सिलिंडर बदलला असेल तर हो, पूर्ण, नव्या इंजिनासारखंच. फक्त बेअरिंग बदलली असतील तर एक-दोन टाक्या सांभाळून चालवा, एवढं पुरे. जुनी रिंग परत घालताना ती होती तशीच, त्याच सिलिंडरमध्ये बसवा.

अनेक वर्षं पडून असलेल्या इंजिनाला रन-इनपेक्षा कार्ब्युरेटरची गरज जास्त असते. डायाफ्राम कडक झालेले असतात आणि मग नीडलचा कुठलाच आकडा टिकत नाही. सुरू करण्याआधीच डायाफ्राम आणि गॅस्केटचा संच बदला, आतली बारीक जाळी साफ करा, आणि त्यानंतरच नीडलला हात लावा.

प्र. २२. रन-इन अर्धवट राहिलं आणि मध्ये दोन-तीन महिने गेले तर?

जिथे थांबला होतात तिथूनच पुढे जा. बसलेली रिंग पुन्हा उठत नाही. थांबताना टाकी रिकामी करा आणि उरलेल्या पेट्रोलवर इंजिन चालवून ते आपोआप बंद पडू द्या, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल वाळून चिकट थर धरत नाही. इथेनॉलवालं पेट्रोल असेल तर हे चुकवू नका. प्लगच्या भोकातून दोन-चार थेंब टू-स्ट्रोक तेल टाका, इग्निशन बंद ठेवून प्रॉप हाताने काही वेळा फिरवा आणि प्लग परत बसवा. पुन्हा सुरू कराल तेव्हा कॅनमधलं जुनं मिश्रण वापरू नका. ताजं बनवा आणि पहिली पाच मिनिटं जमिनीवर चालवून एल आणि एच दोन्ही तपासा.